पुढचं दार नसलेलं घर : अप्पांबरोबर मिसिसिपीत चार दिवस आणि नंतरची एक दुपार

दीड वर्षापूर्वी ऑफिसच्या कामासाठी जॅक्सनला गेले होते, मिसिसिपी राज्याची राजधानी. उतरल्यावर विमानतळाचं नाव वाचलं, जॅक्सन-मेडगर वायली एव्हर्स इंटरनॅशनल एअरपोर्ट. हा माणूस कोण हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं झाली मला या देशात, मार्टिन ल्यूथर किंगच्या नावाची सुट्टी दरवर्षी घेते, आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या, किंगच्या पाच वर्षं आधी गोळी घालून मारलेल्या या माणसाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं याची खरंच लाज वाटली. रात्री हॉटेलवर बसून वाचत गेले आणि झोपच लागली नाही.

रविवारी बार्शीला फोन केला तेव्हा अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं एलआयसीचे एजंट, आधी सायकल आणि मग एम-एट्टी घेऊन सगळा तालुका पिंजून काढलेला माणूस. मी म्हणलं अप्पा, हा माणूस आधी खेड्यापाड्यात फिरून विमा विकायचा. तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग त्याला माणसं आतून माहीत असणार."

या मार्चमध्ये अप्पा आले आणि कुठं कुठं जायचं असं विचारलं तर म्हणाले नायगारा राहू दे, त्या मेडगरचं घर दाखव. हे त्या फिरण्याचं लिहून ठेवतेय.

दिवस पहिला, शुक्रवार

डॅलसहून सकाळी सहाला निघालो. डब्यात थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी. आय-ट्वेंटी हायवे सरळ पूर्वेला जातो, श्रीव्हपोर्ट, मन्रो, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे पण रस्त्यात बघण्यासारखं फार काही नाही म्हणून मी गाडी चालवता चालवता अप्पांना सुरुवातीपासून सांगत होते.

मेडगर एव्हर्सचा जन्म २ जुलै १९२५ चा, डिकेटर नावाच्या लहान गावात. लहान असताना वडिलांच्या एका मित्राला गोऱ्यांच्या जमावाने मारलं आणि त्या माणसाचे रक्ताने भरलेले कपडे कितीतरी महिने तिथंच कुंपणापाशी पडून होते, कुणी उचलले नाहीत आणि शाळेला जाता येता पोरांना ते दिसायचे. हे त्याने पुढे मोठेपणी सांगितलंय. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता, फ्रान्समध्ये नॉर्मंडीकडे, माल पोचवणाऱ्या तुकडीत. तिथून परत आल्यावर १९४६ मध्ये, एकविसावा वाढदिवस होता त्या दिवशी, मोठा भाऊ चार्ल्स आणि अजून काही मित्र असे मिळून मत द्यायला गावच्या कचेरीत गेले तर बंदुका घेतलेले गोरे लोक वाट अडवून उभे. त्यातले बरेच ओळखीचे, लहानपणी बरोबर खेळलेले. मत न देताच परत यावं लागलं.

अप्पांनी दोनदा विचारलं, "युद्धावरून आलेला ना? याच सरकारच्या युद्धावरून?" हो म्हणलं.

दुपारी व्हिक्सबर्गला मिसिसिपी नदी ओलांडली. पाणी मातकट, पात्र एवढं रुंद की पूल संपता संपत नाही, खाली बार्जेसची लांब माळ हळूहळू चाललेली. अप्पांनी सवयीने हात जोडले. संध्याकाळी जॅक्सनला पोचलो, जेवलो, झोपलो.

दिवस दुसरा, शनिवार

आज घर.

मेडगर एव्हर्स बुलेव्हार्डवर एक लायब्ररी आहे, तिच्यासमोर त्याचा पुतळा, तिथं पाच मिनिटं थांबून पुढं वळलो. वस्ती साधी आहे. बुटकी एकमजली घरं, पुढं हिरवळ, मोठी झाडं, कुणीतरी गाडी धूत होतं. रस्त्याला तेव्हा गाइन्स स्ट्रीट म्हणायचे, आता मार्गारेट वॉकर अलेक्झांडर ड्राइव्ह म्हणतात. महायुद्धानंतर काळ्या बिल्डरांनी काळ्या मध्यमवर्गासाठी वसवलेली ही कॉलनी, शिक्षक, नोकरदार, माजी सैनिक असे लोक राहायचे. मेडगरनेही सैनिकांना मिळणारं गृहकर्ज काढून घर घेतलं. २०२० पासून हे घर राष्ट्रीय स्मारक आहे, नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. आम्ही गेलो तेव्हा आत सोडत नव्हते, बाहेरूनच बघितलं, पण खरं सांगते, बाहेर जे आहे तेच पुरेसं आहे.

गाडीतून उतरून अप्पा घरासमोर उभे राहिले आणि त्यांची नजर डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे जायला लागली. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, "दार कुठंय गं?"

चौतीस वर्षं ज्या माणसाचं काम लोकांच्या दारात उभं राहून हाक मारायचं, त्याच्या नजरेला पहिल्यांदा दारच येणार. आणि या घराला पुढून दार नाही. त्या ओळीतल्या बाकी सगळ्या घरांना आहे, फक्त या एका घराला नाही, कारण मेडगर आणि त्याची बायको मिर्ली यांनी बांधतानाच सांगितलं होतं की रस्त्याकडे तोंड करून दार नको. दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे नेम धरायला सोपा. म्हणून आत जायचं ते बाजूच्या कारपोर्टमधून, गाडी लावायच्या छपराखालून. काही खिडक्या मुद्दाम उंचावर घेतलेल्या. पोरांच्या गाद्या पलंगावर न ठेवता जमिनीवर टाकलेल्या, म्हणजे खिडकीतून गोळी आली तर वरून जाईल. आणि तीन पोरांना शिकवून ठेवलेलं की बाहेर मोठा आवाज झाला तर खाली पालथं पडायचं आणि सरपटत बाथरूममध्ये जाऊन टबात बसायचं. आपण पोरांना शुभंकरोति शिकवतो त्या वयात हे.

त्या माणसाचं काम काय होतं तर एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मिसिसिपीतला पहिला फील्ड सेक्रेटरी, १९५४ च्या शेवटी नेमणूक झाली. त्याआधी त्याच वर्षी मिसिसिपी विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात अर्ज केला होता, तो काहीतरी कागदाची खुसपटं काढून नाकारला. मग पुढची साडेआठ वर्षं राज्यभर गाडी हाकत खेडोपाडी जायचं, कुणाला मारलं, कुणाचं घर जाळलं, मतदार यादीत नाव घालायला गेला म्हणून कुणाची नोकरी गेली हे सगळं लिहून घ्यायचं, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, रिपोर्ट न्यूयॉर्कला पाठवायचे. भाषणं होतीच पण मुख्य काम हे. ज्या गोष्टी कुणी कधी कागदावर येऊच दिल्या नसत्या त्या त्याने कागदावर आणल्या.

१९६३ च्या मे महिन्यात जॅक्सन पेटलेलं होतं. डाउनटाउनच्या कॅपिटल स्ट्रीटवरच्या दुकानांवर डिसेंबरपासून बहिष्कार चालू होता, कारण काळ्यांचे पैसे चालायचे पण त्यांना कपडे घालून बघायला परवानगी नाही, नोकरी नाही, साधं मिस्टर-मिसेस म्हणून हाकसुद्धा नाही. २० मे ला मेडगर टीव्हीवर बोलला. महापौर आधी बोलले होते, त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून भांडून मिळवलेली सतरा मिनिटं. त्यात त्याने सांगितलं की काँगोतला माणूस रेल्वेचं इंजिन चालवू शकतो हे इथल्या काळ्या माणसाला आता माहीत झालंय, आणि जॅक्सनमध्ये त्याला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवू देत नाहीत. तोपर्यंत त्याचा चेहरा सगळ्यांना ठाऊक नव्हता, त्या रात्रीपासून झाला. २८ मे ला वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या लंच काउंटरवर विद्यार्थी शांतपणे जाऊन बसले तर जमावाने तीन तास त्यांच्या डोक्यावर केचप, मस्टर्ड, साखर ओतली, मारलं, ओढून खाली पाडलं. त्याच रात्री या घराच्या कारपोर्टवर पेटती बाटली फेकली गेली. ती आग मिर्लीने स्वतः बागेतल्या पाइपने विझवली.

आणि मग ११ जून. संध्याकाळी प्रेसिडेंट केनेडींनी टीव्हीवर नागरी हक्कांवर भाषण केलं, त्यांचं या विषयावरचं सगळ्यात ठाम भाषण. मिर्लीने पोरांना जागं ठेवलं, बाबा आल्यावर त्यांना काय वाटलं ते ऐकायचं म्हणून. मेडगर मीटिंगवरून मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी पोचला. नेहमी तो गाडीतून घराच्या बाजूने उतरायचा, रस्त्याकडे पाठ होऊ नये म्हणून, त्या रात्री दमलेला असेल, ड्रायव्हरच्या बाजूनेच उतरला. हातात टी-शर्टांचा गठ्ठा होता, त्यावर छापलेलं 'जिम क्रो मस्ट गो', म्हणजे तुमचा हा वेगळं ठेवायचा कायदा जाऊ दे. रस्त्यापलीकडच्या झुडपातून एक गोळी आली, पाठीत घुसून छातीतून बाहेर पडली, पुढच्या खिडकीतून आत, मग भिंतीतून स्वयंपाकघरात, आणि फ्रीजवर आपटली. पोरं शिकवल्याप्रमाणे जमिनीवर पडली. मेडगर किल्ल्या हातात धरून कारपोर्टमधून दाराच्या पायरीकडे सरपटत आला. मिर्लीने दार उघडलं. मागून तीन पोरं आली, नऊ वर्षांचा डॅरेल केनियाटा, आठ वर्षांची रीना, तीन वर्षांचा व्हॅन, बाबा उठा उठा म्हणत.

शेजाऱ्यांनी गादीसकट गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं पण तासाभरात गेला. १२ जून १९६३.

अप्पा कारपोर्टच्या तोंडापासून दारापर्यंत नजरेनेच अंतर मोजत होते. सिमेंटची जमीन आहे, साधी, आपल्याकडे पार्किंगला असते तशीच. "फार तर दहा-बारा पावलं," म्हणाले. नंतर बराच वेळ बोलले नाहीत. समोरच्या घरातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या, हात हलवून गुड मॉर्निंग म्हणाल्या, अप्पांनी वाकून नमस्कार केला आणि त्यांनीही दोन्ही हात जोडले.

दुपारी लिंच स्ट्रीटवर गेलो. नाव वाचून अप्पा दचकलेच पण ते जॉन आर. लिंच यांच्या नावावरून आहे, यादवी युद्धानंतर मिसिसिपीतून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, निवडून गेलेला काळा माणूस. तिथलं मेसॉनिक टेंपल म्हणजे दगडविटांची साधी मोठी इमारत, इथंच मेडगरचं ऑफिस होतं आणि इथंच १५ जूनला अंत्यसंस्काराची सभा झाली, हजारो लोक, प्रचंड उकाडा. मिरवणूक संपल्यावर तरुण पोरं कॅपिटल स्ट्रीटकडे निघाली, समोर बंदुका आणि कुत्री घेतलेले पोलीस, इकडून बाटल्या-दगड, आता गोळीबार होणार असं असताना न्याय खात्याचा जॉन डोअर नावाचा गोरा अधिकारी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या अवस्थेत एकटा मधोमध जाऊन उभा राहिला आणि आपलं नाव सांगून लोकांना घरी जायची विनंती करत राहिला. लोक परतले.

मग मिसिसिपी सिव्हिल राइट्स म्युझियम, २०१७ ला उघडलंय. लिंचिंगमध्ये मेलेल्यांची नावं कोरलेले उंच खांब आहेत, नाव, तारीख, आणि 'गुन्हा' म्हणून जे लावलं ते. काहींच्या पुढं लिहिलंय, गोऱ्या माणसाशी वाद घातला. आम्ही एकेक वाचायला घेतलं पण पूर्ण नाही करू शकलो.

तिथंच ती रायफल आहे. १९१७ ची एनफिल्ड, वर दुर्बीण लावलेली. त्या दुर्बिणीवर बायरन डी ला बेकविथ या गोऱ्या आरोपीच्या बोटाचा ठसा मिळाला होता, म्हणजे पुरावा पहिल्या आठवड्यापासून होता. १९६४ मध्ये दोन खटले झाले, दोन्ही वेळा ज्युरीत बारा गोरे पुरुष, दोन्ही वेळा एकमत झालं नाही म्हणून सुटला. पहिल्या खटल्यात राज्याचे नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर रॉस बार्नेट कोर्टात येऊन आरोपीला हात मिळवून गेले. आणि पुढं १९८९ ला एका पत्रकाराने बाहेर काढलं की सॉव्हरेन्टी कमिशन म्हणून राज्य सरकारचंच जे हेरखातं होतं, तेच खातं दुसऱ्या खटल्यात आरोपीच्या वकिलांना ज्युरी निवडायला मदत करत होतं. तेव्हा केस परत उघडली. जुना कोर्टाचा रेकॉर्ड सरकारदरबारी मिळेना, मिर्लीबाईंनी पहिल्या खटल्याची प्रत जपून ठेवली होती ती काढून दिली. रायफल एका दिवंगत जज्जच्या घरी सापडली. ५ फेब्रुवारी १९९४ ला बेकविथला जन्मठेप झाली आणि तो २००१ ला कैदेत असतानाच मेला. पंचवीस वर्षांच्या वर ती बाई कागद सांभाळून होती.

अप्पांना हे फार भिडलं. आमच्या घरात अजूनही तीस-तीस वर्षांपूर्वीच्या पॉलिसींच्या झेरॉक्स असतात कपाटावरच्या ट्रंकेत, आई फेकायला सांगायची आणि ते म्हणायचे कुणाची बायको कधी दारात येईल सांगता येत नाही. "कागद ज्याने ठेवला त्याचंच ऐकतात गं," एवढंच म्हणाले काचेपुढं उभं राहून.

एनएएसीपीच्या फलकापाशी त्यांनी मला एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, इथल्या काळ्या लोकांनी युनोकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती पाठवा, आमच्या लोकांसाठीही तसंच करायचा विचार चालू आहे. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. म्हणजे मेडगर मत द्यायला कचेरीत गेला तोच हा महिना, जुलै १९४६.

दिवस तिसरा, रविवार

उत्तरेला डेल्टा. जॅक्सन सोडलं की तासाभरात टेकड्या संपतात आणि मग नजर पोचेल तिथपर्यंत सपाट रान. मार्चअखेर म्हणजे कापूस अजून पेरलेला नाही, नांगरून ठेवलेलं, मधेमधे पाणी साचलेलं. अप्पांनी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि ढेकूळ हातात घेऊन चुरगाळून बघितलं. "आपल्या भीमाकाठासारखी आहे. असल्या मातीत माणूस उपाशी राहायला नको."

पण राहायचा. आणि ते मेडगरने विमा विकताना बघितलं. १९५२ ला कॉलेज संपल्यावर तो आणि मिर्ली माउंड बायू या गावी आले, तिथल्या डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्या मॅग्नोलिया म्युच्युअल विमा कंपनीत एजंट म्हणून. गावोगाव, मळ्यामळ्यावर जायचं. मळ्यावरची कुळं वर्षभर मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायची आणि कापूस विकल्यावर हिशोब व्हायचा तो मालकच करायचा, कुळाच्या हातात काही उरायचं नाही, वर उलट देणंच निघायचं.

गाडीत अप्पा यावर जे बोलले ते मी इथं जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. म्हणाले, "एजंट घरात गेला ना की पहिल्यांदा पाणी येतं. तांब्या कसा आहे, कोण आणून देतंय, घरात कुणी खोकतंय का, चूल पेटलीय का, हे न विचारता कळतं. मग फॉर्म भरताना विचारावं लागतं, मुलं किती, गेली किती, वडील कशाने गेले, वय काय होतं. बाई रडायला लागते. असे दिवसाला आठ फॉर्म भरले की त्या गावाबद्दल तुला कलेक्टरपेक्षा जास्त माहीत होतं. मी घरी येऊन जेवायचो आणि झोपायचो. त्याला झोप आली नसणार."

मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर तिथंच रडले असते.

ग्रीनवुडवरून मनी नावाच्या वस्तीत गेलो. ब्रायंट्स ग्रोसरी हे दुकान होतं तिथं आता वेलींनी गिळलेल्या पडक्या भिंती आणि पुढं एक फलक. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला चौदा वर्षांचा एमेट टिल या दुकानात गेला, दुकानदाराच्या बायकोशी उद्धटपणा केला असा आरोप झाला आणि चार दिवसांनी रात्री त्याला उचलून नेऊन मारलं, टॅलाहाची नदीत फेकलं. मेडगर तेव्हा फील्ड सेक्रेटरी होऊन वर्षही झालं नव्हतं. साक्षीदार मिळावेत म्हणून तो आणि त्याचे सहकारी शेतमजुरांसारखे जुने कपडे घालून मळ्यांवर कापूस वेचणाऱ्यांत जाऊन मिसळले, कारण कोट-टाय घातलेला काळा माणूस दिसला की मालकाला लगेच खबर जायची. समनरच्या कोर्टात सप्टेंबरमध्ये खटला चालला आणि ज्युरीने ६७ मिनिटांत दोघा गोऱ्या आरोपींना निर्दोष सोडलं. समनरला गेलो, चौकात ते कोर्ट आहे, जुन्या रूपात परत नीट करून ठेवलंय, पण रविवार म्हणून बंद. नदीकाठी जिथं प्रेत सापडलं असं मानतात तिथली पाटी लोकांनी इतक्या वेळा चोरली आणि गोळ्या घालून चाळण केली की २०१९ ला शेवटी बुलेटप्रूफ पोलादाची बसवावी लागली. ही गोष्ट २०१९ ची आहे, परत वाचा.

माउंड बायू. १८८७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी जंगल तोडून स्वतः वसवलेलं गाव, महापौर काळा, पोलीस काळे, बँक, शाळा, १९४२ पासून स्वतःचं हॉस्पिटल. आता गाव थकलेलं दिसतं, बरीच दुकानं बंद. पण १९५२ ला इथून मेडगरने पहिली चळवळ चालवली ती मला सगळ्यात हुशार वाटते. हायवेवरच्या पेट्रोल पंपांवर काळ्यांकडून पैसे घ्यायचे पण संडास वापरू द्यायचे नाहीत. यांनी हजारो स्टिकर छापून गाड्यांच्या बंपरवर लावले, जिथं संडास वापरता येत नाही तिथं पेट्रोल भरू नका. बऱ्याच पंपांनी मुकाट्याने संडासं बांधली. बायाबापड्यांना पोरं घेऊन शेतात जावं लागायचं ते थांबलं. अप्पा म्हणाले हे फिरणाऱ्या माणसालाच सुचणार.

जेवायला डेल्टातले हॉट टमालेज खाल्ले, मक्याच्या सालीत गुंडाळून शिजवलेलं मक्याचं पीठ, आत मसालेदार मांस. सालीचा वास लागलेला असतो, सासूबाई पानगी करतात तिची आठवण आली. अप्पांनी एक खाऊन बघितला आणि अजून दोन मागवले. रात्री क्लीव्हलँडला मोटेलवर राहिलो, मालक नवसारीचे निघाले, सकाळी आम्हाला आल्याचा चहा करून दिला.

दिवस चौथा, सोमवार

हायवे ६१ ने खाली. व्हिक्सबर्ग, पोर्ट गिब्सन, आणि मग झाडीतून आत अल्कॉर्न. आता अल्कॉर्न स्टेट युनिव्हर्सिटी, १८७१ ची. सुंदर कॅम्पस आहे, मोठमोठे ओक, त्यावरून लोंबणारं राखाडी मॉस, जुन्या चॅपलला लोखंडी जिना. मेडगर इथं बिझनेस शिकला, फुटबॉल खेळला, कॉलेजच्या पेपरचा संपादक होता.

आणि इथंच १९५० मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच दिवशी, व्हिक्सबर्गहून आलेली सतरा वर्षांची मिर्ली एका विजेच्या खांबाला टेकून उभी होती तर हा सात-आठ वर्षांनी मोठा, सैन्यातून आलेला मुलगा येऊन म्हणाला, खांबाला टेकू नकोस, शॉक बसेल. मिर्लीबाईंनी ही आठवण कितीदा तरी सांगितलीय. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लग्न. दोन दिवस नुसतं मरण बघून डोकं जड झालं होतं, इथं बाकावर बसून उरलेला मोटेलवाल्या भाईंचा चहा थर्मासातून प्यायलो, पोरं-पोरी पुस्तकं घेऊन जात होती, कुणीतरी ट्रॉम्बोनचा रियाज करत होतं. अप्पांनी मला पहिल्यांदाच सांगितलं की ते आईला बघायला गेले तेव्हा आईने चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि ते सगळा कप प्यायले होते.

तिथून परत आय-ट्वेंटी आणि रात्री अकराला घरी.

नंतर, एप्रिलमधली एक दुपार

अप्पांची परतीची फ्लाइट वॉशिंग्टनहून होती, भाऊ व्हर्जिनियात असतो म्हणून. तिकडे गेलो तेव्हा एक दिवस काढून आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत गेलो. सैनिक म्हणून मेडगरला १९ जून १९६३ ला इथं लष्करी इतमामात पुरलं. त्यानंतर पाच महिन्यांत केनेडींनाही याच टेकडीवर आणलं, आमच्या डॅलसहून. केनेडींच्या ज्योतीपाशी ही गर्दी होती. सेक्शन ३६ मध्ये आम्ही दोघंच.

बाकी हजारो दगडांसारखाच पांढरा दगड, वर कुणीतरी ठेवलेले खडे आणि दोन-चार नाणी. नाव, हुद्दा, दुसरं महायुद्ध, जन्म, मृत्यू. अप्पांनी चष्मा पुसून दोन्ही तारखा वाचल्या आणि ओठ हलवत हिशोब केला.

"सदतीस पूर्ण. पण आमच्यात जवळचा वाढदिवस धरतात, वीसच दिवस राहिले होते, म्हणजे प्रीमियमला अडतीस लागलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "मिर्लीबाई तेव्हा किती वर्षांच्या?"

"तीस."

"आणि तीन पोरं."

झाडांना मोहोर होता, त्या दिवसांत तिकडे सगळ्यावर पिवळी भुकटी बसते, गाड्यांवर, बाकांवर, दगडावरसुद्धा बसली होती. अप्पा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, खिशातून रुमाल काढला आणि नावाच्या अक्षरांमधली भुकटी एकेक अक्षर करत पुसायला लागले. मी शेजारी बसले, माझी ओढणी घेतली आणि खालची तारीख पुसली.